सात सेकंद

नाफडेकाका हसले होते.
हे आधी लिहून ठेवतो,
फिल्ममध्ये ते सापडणार नाही.

परदेशीपुऱ्यातली पुढची खोली, एप्रिल,
आवाज येतो म्हणून पंखा बंद.
साचेखात्यात एकतीस वर्षं काढलेला माणूस
प्लास्टिकच्या खुर्चीत ताठ बसलेला.
दिग्दर्शकाने विचारलं,
गिरणी बंद झाली त्या दिवशी घरी काय सांगितलंत?
काका थांबले. खिडकीकडे पाहिलं.
चष्मा काढून डोळे पुसले,
घाम गेला होता डोळ्यांत,
आणि मग खळखळून हसले :
"सांगतो काय! हिला आधीच कळलेलं.
भोंग्यावर वरण उतरवायची ही.
भोंगा झालाच नाही,
वरण तळाला लागलं,
वास गल्लीच्या टोकापर्यंत!"

मी चष्म्यापाशी कापलं.

पुढे धुराडं. ते त्यांच्या गिरणीचं नव्हे,
देवासच्या रस्त्यावर कुठेतरी मिळालं,
त्याच्यावर एक घार होती, म्हणून घेतलं.
खाली सारंगीचा एकच सूर,
इतका बारीक, की बघणाऱ्याला वाटावं
आपल्याच छातीतून येतोय.

मंत्री चाळीस मिनिटं बोलले.
आकडे दिले, त्यातले काही खरे.
मी घेतलं त्यांचं पाणी पिणं.
गळ्याची गाठ वर गेली, खाली आली.
काकांचे ओले डोळे, मंत्र्यांचा घोट,
काकांचे ओले डोळे.
ती दोघं आयुष्यात कधी एका खोलीत नव्हती.

खोटी फ्रेम एकही नाही, शपथेवर सांगेन.
कापड गिऱ्हाइकाचंच असतं,
बेतणं तेवढं शिंप्याचं.
आणि बाजू आमची खरी होती.
अजूनही आहे.
पैसे बुडालेच होते ना लोकांचे.

मग पलीकडच्यांचा एडिटर आला,
सराफ्यात भेटला, भुट्ट्याचा कीस खाता खाता म्हणाला,
"भिया, ते हसण्याचं तेवढं दे की.
सात सेकंद. वरणाचं नको,
नुसतं हसणं."
नाही दिलं.
दिलं असतं तर तेही खरंच असतं.

रामबागेतल्या हॉलमध्ये पहिला खेळ.
काका पुढच्या रांगेत, इस्त्रीचा सदरा.
धुराडं आलं तशी मागे कुणीतरी नाक ओढलं,
मग आणखी कुणी.
माझ्या हिशेबापेक्षा अर्धा सेकंद आधी.
मला बरं वाटलं. हेही लिहून ठेवतो.

बाहेर काकांनी माझा हात धरला.
"मी रडलो होतो रे.
लक्षातच नव्हतं माझ्या."
काकू चपला शोधत होत्या.
वर न बघता म्हणाल्या,
"आणि वरणाचं?"
मी म्हटलं, लांबी फार झाली होती.

परवा दिल्लीचं कुणी चॅनल आलं त्यांच्याकडे.
मीच पत्ता दिला, दिवाही मीच धरला.
प्रश्न तोच.
काका थांबले. खिडकीकडे पाहिलं.
चष्मा काढला,
कोरडे डोळे हळूच पुसले,
आणि तसेच बसून राहिले,
मी जिथे कापलं होतं
नेमके तिथे.