उद्यमनगर, रात्री साडेनऊ

तालमीला जातो म्हटल्यावर आई म्हणाली,
ह्या वयात कुस्ती?

बंद फौंड्रीत आम्ही सातजण.
मगदूमबाई कागद आणत नाहीत,
विचारतात, आज हाताला काय लागलं?
लेथवरचा बंडा अर्धं बोट वर करतो.
"सांगू नको. कर."
तो करतो. नसलेलं मशीन फिरतं,
आणि कोपऱ्यातली रझिया
नकळत ओढणी आवळते.
"हे ठेवूया."

तीस वर्षं असंच ठेवत आल्या,
छापील ओळ एक नाही.
पेपरवाला विचारतो, नाटक लिहिलं कुणी?
बाई बशीतला चहा संपवतात,
वर बघतच नाहीत.

प्रयोगात बंडा आता ते बोट
खिशातच ठेवतो.
रझिया मात्र
दरवेळी त्याच जागी
ओढणी आवळते.