डबीतला कापूस

डबीत पहिल्यांदा कापूस कोंबला
तो धुळ्याहून परतताना.
नरडाण्याच्या अलीकडे रस्ता उखडलेला,
एस्टी खड्ड्याखड्ड्याला उसळत होती
आणि मांडीवरच्या पिशवीत साठ गोळ्या
खुळखुळ, खुळखुळ.
शेजारच्या म्हातारीनं विचारलं,
"हाई काय वाजस वं?"
सुपारी, मी म्हणाले.
तिनं हात पुढे केला.
"पूजानी शे."
तिनं तोच हात कपाळाला लावला.

नवरा तोवर भिंतीवर गेला होता, हार घालून.
त्याचा ट्रक दिरानं विकला,
त्याचा आजार माझ्या नावावर चढला.
सातबाऱ्यावर मात्र नाव चढलं नाही.
दिराच्याच शेतात मी रोजानं कापूस वेचायची,
संध्याकाळी काट्यावर गाठोडं ठेवायच्या आधी
चिमूटभर ओच्यात लपवायची.
दर महिन्याची नवी डबी,
दर महिन्याचा नवा कापूस.
सोळा एकरांतली
तेवढीच माझी वाटणी.

मग त्या वर्षी सेंटरमधल्या ताईंनी
आम्हा अकरा जणींना हॉलात बसवलं.
समोर अकिन्यी.
केनियातली, किसुमूची, मोठ्या तळ्याकाठची.
अंगावर आंब्याच्या फोडीसारखा पिवळा झगा,
पायात आमच्यासारख्याच रबरी चपला.
ती बोलायची आणि एक सर मराठीत सांगायचे.
तिच्या गावी मासळी घ्यायला गेलेल्या बाईकडे
होडीवाला पैसे मागायचा,
आणि पैशांवर आणखी…
इथे सर खोकले.
पाणी प्यायले.
"थोडक्यात, अडचणी होत्या," म्हणाले.

आम्हाला कळलं होतं.
जिनिंगवर मुकादम असतो, आम्हाला नाही कळणार?
वैजंतानं माझ्या गुडघ्याला चिमटा काढला.

मग अकिन्यी म्हणाली, आम्ही बायांनी
भिशीसारखे पैसे जमवले आणि होडीच घेतली.
हे सरांनी नीट सांगितलं.
मग तिनं पिशवीतून डबी काढली,
तीच, पांढरी, आमच्यासारखीच,
कानापाशी धरून हलवली,
आणि त्या ठेक्यावर नाचली चक्क,
खुर्च्यांच्या मधल्या जागेत, जाड कंबर हलवत.
सर भाषांतराला थांबले होते.
त्यात भाषांतराला काही नव्हतं.

मी घरी येऊन कापूस काढला का?
नाही.
तिचं तळं लांब होतं, माझी जाऊ भिंतीपलीकडे.

कापूस काढला तो रमिलामुळे.
बोराडीकडची पावऱ्याची पोर, जन्मापासून गोळ्यांवर,
आईबाप आठवत नाहीत, डोस एकही चुकलेला नाही.
तिला स्थळ आलं.
मुलगा तिला बघायला जाणार होता,
तिनं त्याला सेंटरला बोलावलं.
"माझं सगळं सांगितलं.
आता आधी तुझं रक्त तपास, मग मला बघ."
तो तोंडाला रुमाल बांधून बाकावर बसला,
ही शेजारी, पाय हलवत, शेंगदाणे खात.
मी तिथे आता गोळ्या मोजायला बसते,
महिन्याला मानधन मिळतं, उशिरा, पण मिळतं.
तिनं माझी डबी उचलली, हलवली.
"मावशी, तुझी मुकी का?"

काय सांगणार?
कापूस पिवळा पडला होता,
औषधाचा वास धरलेला.
वात करावी म्हटलं, मन झालं नाही.
कचऱ्याच्या लाल डब्यात टाकला.

हात अजून पिशवीवर जातो, खोटं कशाला बोलू.
परवाही सोनगीरला एक बाई शेजारी बसली,
कानात बुगड्या, मांडीवर कोंबडी.
"हाई काय वाजस?"
गोळ्या, म्हटलं.
"कसान्या गोया?"

मी सांगायला लागले.
नरडाणा आलं, गेलं.
कोंबडी झोपली.
तापीचा पूल आला तेव्हा माझं सांगणं
नवऱ्याच्या तापापर्यंतच पोचलं होतं.
बाई उठून दुसरीकडे गेली नाही.
गाडीत जागा नव्हती म्हणून असेल.
पण कोंबडी तिनं या मांडीवरून त्या मांडीवर घेतली
आणि कान माझ्याकडे केला.