रकाना

घाटीतल्या मॅडमनी विचारलं,
तंबाखू?
नाही.
दारू?
लिंबाजीच्या लग्नात, एकदा.
तिखट फार खातात का?
जालन्याकडं कोण खात नाही, मॅडम.

त्यांनी ‘मोठं आतडं’ लिहिलं,
व्यवसायापुढं ‘मजुरी’ लिहिलं
आणि पान उलटलं.

मी दिवसभर दुसऱ्यांचे फॉर्म भरते,
उत्पन्नाचे, जातीचे, वारसाचे.
कुठला रकाना किती बोटं रुंद असतो
मला झोपेतही सांगता येईल.
मजुरीत काय काय कोंबता येतं, तेही.

अण्णा एकवीस वर्षं गोण्या फोडायचे.
सिमेंटच्या पत्र्यांचा कारखाना, मागचं शेड.
विळ्यानं शिवण उसवायची,
गोणी उलटी धरून झटकायची.
आत कापसासारखं, पण कापूस नाही.
उन्हाच्या तिरिपेत तरंगायचं,
खाली बसायला संध्याकाळ लावायचं.

डबाही तिथंच, रिकाम्या गोण्यांवर मांडी घालून.
ज्वारीची भाकर, कारळाची चटणी,
वर न मागता पांढरी भुरभुर.
फुंकून खा, मुनीरचाचा म्हणायचे.
फुंकलं की शेजारच्याच्या भाकरीवर.

भिंतीवर थुंकलं तर पन्नास रुपये कापत.
खोकल्याबरोबर घशाशी आलेलं
अण्णा परत गिळायचे.
शिस्तीचा माणूस.
एकदा गाडी आली, छातीचे फोटो काढून गेली.
सगळ्यांच्या छात्या साफ निघाल्या.
पोटाचं कुणी विचारलं नाही.
पोटासाठीच तर आले होते सगळे.

आई त्या गोण्या हौदावर झटकून धुवायची.
दोन जोडून अंथरूण. एकीत जवारी.
तिच्यावर बसून मी बाराखडी गिरवली.

मुनीरचाचांना आधी भाकर उतरेना,
मग भात, मग पाणी.
लिंबाजीचं जठर अर्धं काढलं.
प्रत्येकाचं कारण वेगळं निघालं:
विडी, मिरची, नशीब,
एकाचं तर बायको शिळं घालायची म्हणून.

मी मॅडमना म्हटलं हे सगळं.
त्या वाईट नाहीत. पेन थांबवून ऐकलं.
असू शकतं, म्हणाल्या,
पण एकट्याच्या आतड्यावर
कुणाचं नाव लिहिलेलं नसतं, बाई.

बरोबर आहे.
तरी त्या राऊंडला गेल्यावर
मी केसपेपर ओढला, मजुरीपुढं स्वल्पविराम दिला.
जागा दोन बोटं होती.
‘गोण्या फोडणे’ एवढंच मावलं, तेही वाकडं.

अण्णा खाटेवर, पोटाला पिशवी.
मुनीरचा पोरगा लागला का कामाला?
लागला, परवापासून.
आता मशीन आहे म्हणतो,
गोण्या हातानं फोडत नाहीत.

अण्णा बराच वेळ पंख्याकडं बघत राहिले.
मग म्हणाले,
आन् रिकाम्या गोण्या?
त्या कोण घरी नेतंय?