कोणतं मेण

सेटलच्या मंगळवारच्या बाजारात
मधवाला ऑल्डरसन विचारतो, "कशासाठी हवंय?"
आणि मी अडते.
"वितळवायला," म्हणते शेवटी.
तो हसतो. पिवळी वडी जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळत म्हणतो,
"स्वस्त नाही हं हे, बाई."
ते वडी हातात यायच्या आधी
वासानेच कळलेलं मला.

घरी ओट्यावर आता चार मेणं.

पॅराफिन. गरिबाघरचं, कामसू.
द्याल तो रंग घेतं, द्याल तो वास,
साच्यातून टुणकन बाहेर येतं, कुरकुर नाही.
फक्त भिंतीवर काजळाची एक बारीक रेघ ओढून
सांगून जातं आपलं तेलकट कूळ.

सोया येतं कागदी पिशवीतून,
जाड पोह्यांसारखं.
वितळतं लवकर, रुसतंही लवकर.
गार वारा लागला की अंगावर पांढरा कोंडा,
आणि पेटवायची घाई केलेली चालत नाही,
लोणच्यासारखं पंधरा दिवस मुरू द्यावं लागतं.

तिसरं, मोहरीच्या चुलतबहिणीचं.
मे महिन्यात आगगाडीच्या दोन्ही अंगांना
पिवळाजर्द झालेला तो अख्खा मुलूख
बरणीत आल्यावर
असा मुका, पांढरा कसा होतो?

आणि ऑल्डरसनची वडी.
तिच्यात मी केवड्याचं अत्तर घातलं,
चार थेंब, मग आठ, मग चिडून उरलेली कुपी.
तिने ऐकूनच घेतलं नाही.
आपलाच वास देत बसली,
माहेरचं आडनाव लावणाऱ्या आत्यासारखी.

मुकुलने तक्ता केलाय.
किंमत, वितळबिंदू, जळण्याचे तास.
कागद गिरणीत तीस वर्षं काढलेला माणूस,
त्याला रकाने दिसले की बरं वाटतं.
तक्ता सोयाच्या बाजूने.
मी थर्मामीटर पुसते, काही बोलत नाही.

गेल्या हिवाळ्यात बर्फाने तारा तुटल्या
तेव्हा शेजारच्या विनी मेटकाफने दार वाजवलं होतं.
मेणबत्ती आहे का एखादी?
होत्या. वाढदिवसाच्या.
गुलाबी, निळ्या, काडीएवढ्या, चोवीस.
दुसऱ्या दिवशी म्हणाली,
एकीवरून दुसरी लावत गेले,
मांजराला जेवू घातलं,
गोळ्या मोजल्या, पायमोजे सापडले,
मग दोन उरल्या त्या जपून ठेवल्या.
ऐंशी वर्षांची बाई. चोवीस गुणिले तीन मिनिटं.
हा हिशोब कुठल्या रकान्यात घालायचा,
ते मुकुलला मी विचारलेलं नाही.

तर वाती पेन्सिलींना बांधल्या,
चारही ओतल्या, खिडकीत ठेवल्या.
पंधरा दिवस घरात कोणी दार आपटलं नाही.

मग ट्रेमध्ये घालून विनीकडे.
मी सांगत होते: ही मधमाश्यांची, ही शेतातली,
हिला काजळी नाही, हिला हलकासा गवती चहा.
तिने वास घेतला नाही, रंग पाहिला नाही.
एकेक झाकण फिरवून पाहिलं,
लावलं, काढलं, लावलं,
आणि एक बरणी जवळ ओढली.
"हिचं घट्ट बसतंय," म्हणाली. "मांजर पाडतं गं."

ती पॅराफिनची होती.

रात्री भांड्यांच्या कडांचं खरवडून
चारही मेणं एका डब्यात वितळवली.
मधोमध खड्डा पडला, वात कलली,
रंग शिळ्या वरणाचा.
कुणाला देण्याजोगी नव्हती, म्हणून राहिली.

सकाळी मुकुलच्या जॅकेटची झिप अडली.
तो चरफडत, बस सुटायला आलेली.
मी त्या कुबड्या मेणबत्तीचं बूड
दातांवरून दोनदा घासलं.
झिप सुर्रकन वर गेली,
थेट हनुवटीपर्यंत.