मागची बाजू

आर्णी रोडवरचे तीन लॉन
एका दुपारीत पाहायचे होते.

पहिल्याच्या गेटवर प्लास्टरचे दोन हत्ती,
एकाची सोंड तुटलेली.
'तारखेपर्यंत बसवून देतो,' मॅनेजर भोयर म्हणाले.
बाबा हत्तीपाशीच थांबले.
प्रफुल पावलांनी पार्किंग मोजत गेला,
जनरेटर केवढ्याचा, डीजे दहानंतर चालते का.
मी स्टेजवर चढले
आणि कोणी पाहायच्या आत उतरले.

आई कुठंच दिसेना.

ती मागं होती, टिनाच्या पलीकडे,
नळ सोडून पाहत,
पाणी नालीत जाते की तिथंच साचते.
'भांडे घासाले सावली नाही इथं.
मे महिन्याची तारीख हाये.'
भोयर हसले. 'असं कोणी इचारत नाही, काकू.'

आमच्यातलं कोणी हसलं नाही.
अकरा वर्षं दुसऱ्यांची वऱ्हाडं जेवत होती
तेव्हा ती मागंच होती,
गंजातल्या आपल्या तोंडाला राख लावत.
रात्री यायची ती पदरात बुंदी घेऊन,
बोटं सुरकुतलेली,
माझ्या गालाला खरखरीत लागायची.

दुसऱ्या लॉनवर ती गाडीतून उतरलीच नाही.

तिसऱ्याला साधं लोखंडी फाटक,
नावातलं 'मंगल' गंजून गेलेलं.
पण मागं कडुनिंब. त्याखाली ओटा,
दोन नळ, उताराची फरशी.
आई ओट्यावर बसली,
चपला काढल्या, पाय लांब केले.

बाबांनी हत्तींचा विषय एकदा काढून पाहिला,
मग इसाराचे पैसे मोजू लागले.