थापी घेताना

चौबाऱ्याच्या मागं, मन्मथअप्पांच्या दुकानात
थाप्या खिळ्यांना लटकलेल्या,
भर दुपारी चिंचेला वटवाघळं लटकावीत तशा.

"काय बगलालीस, माय? मालक किती इंची वापरतो?"
मालक टमटम चालवतो, अप्पा.
थापी मला पाह्यजे.

अप्पांनी चष्मा कपाळावर नेला, परत आणला.
मग लाल मुठीची एक पुढं सारली, चकाचक,
रुखवतात मांडावी अशी.
मी नखानं टिचकी मारली.
थद्द.
डाक दिलेली मान.
दोन महिने ओला माल उचलील,
तिसऱ्यात मुठीपासून सुटंल.

हे मला कुणी शिकवलं नाही.
मैनुद्दीनचाचा शिकवायचे ते त्यांच्या पोरांना.
मी पलीकडं घमेलं घेऊन उभी.
डोक्यावर ओझं असलं की बाईला ऐकू येत नाही
असं त्यांना वाटत असावं.
"ए धुरपत, माल!" एवढंच माझ्या वाट्याचं.
बाकीचं मी एकोणीस वर्षं फुकटात उचललं.

थापी माठासारखी वाजवून घ्यायची.
पातं वाकवायचं नि सोडायचं,
दिल्या शब्दासारखं जागेवर आलं पाह्यजे.
ओळंब्याचा लंगर आणि वरची चकती
एका अंगाची हवी, दोऱ्याएवढाही फरक नको,
नाहीतर लंगर सरळ लटकतो
आणि भिंत खोटं बोलायला शिकते.
हातोड्याचा दांडा बाभळीचा बघावा,
गाठ असली तर मुकाट ठेवून द्यावा,
ती रोज संध्याकाळी तळहाताला चावते.

घमेल्याबद्दल चाचा कधी बोलले नाहीत.
ते मला विचारायचं:
काठ नीट दुमडलेला आहे का, बोट फिरवून बघा,
नाहीतर तो चुंबळीतून केस खातो.
माझ्या टाळूवर रुपयाएवढी जागा
अजून मोकळी आहे.

सहावी थापी वाजली.
टण्ण झालं आणि आवाज दुकानात जरा रेंगाळला,
रंगाच्या डब्यांवरून, नळाच्या तोट्यांवरून.
मूठ मात्र जाड, बाप्याच्या पंजाची.
असू दे.
काचेच्या तुकड्यानं तासून घेईन.

पाणसळीचे पैसे नव्हते,
घरी पाण्याची नळी आहे, तिच्यावर भागतं.
तरी हातात घेतली, गल्ल्याच्या टेबलावर ठेवली.
बुडबुडा अप्पांकडं पळाला.
उलटी करून ठेवली. पुन्हा अप्पांकडं.
पाणसळ खरी हाय, अप्पा,
तुमचं टेबल रस्त्याकडं उतरलंय.

"वीस वर्षं हितंच बसलालो मी," अप्पा म्हणाले,
आणि एक रुपया उभा करून सोडला.
तो सावकाश निघाला,
बिलबुकाच्या कडेनं गेला,
खाली उडी मारून थेट नालीत.
आम्ही दोघंही बघत राहिलो.
मग न मागता त्यांनी वीस कमी केले.

घराची मागची भिंत काळ्या रानावर उभी.
उन्हाळ्यात भुई फाटली की तीही फाटते,
कोपऱ्यापासून खिडकीपर्यंत.
त्या भेगेत लेकीनं फणी ठेवलीय,
एक पेन, शाळेचं ओळखपत्र.
"आई, बुजवलीस तर मी ठेवू कुठं?"
म्हणलं, बाजूला कोनाडा काढून देते.
कोनाडा मी आजवर काढलेला नाही.
काढताना बघितलाय, खूपदा.

चार दिवसांनी चौबाऱ्यावरून गेले.
अप्पांनी टेबलाच्या पुढच्या पायांखाली
फरशीचे तुकडे सारलेत.
जाड झालेत. लांबूनच कळतं,
आता उतार गल्ल्याकडं.
अप्पा खुशीत दिसले.
मी काही बोलले नाही.

विचारलं तर सांगेन,
पण हजेरी मिस्त्रीची लावीन.