चार ओहम

विजेरत्ने कोलंबोला कायमचा गेला
आणि जाताना त्याचे दोन स्पीकर माझ्या गळ्यात घालून गेला.
अठरा दिनार. एकाच्या जाळीला भोक,
पाठीवर बारीक अक्षरांत: चार ओहम.
अ‍ॅम्प्लिफायर त्याने आधीच विकला होता.

महिनाभर ते दोघे फहाहीलच्या खोलीत उभे,
मुलगी बघायला आलेल्या पाहुण्यांसारखे,
कुणी आधी बोलायचं ते न ठरलेले.
मी त्यांच्यावर इस्त्रीचे शर्ट ठेवायला लागलो.

रिफायनरीत मी दिवसभर दाब मोजतो.
चार ते वीस मिलिअँपिअर,
त्याच्या बाहेर काही घडायचं नसतं, घडलं तर भोंगा.
तेव्हा ओहम मला कळतात. ओहम म्हणजे अडवणूक.
आठवाला अडून बसतो, थोडक्यात भागवतो.
चारवाला अडवतच नाही,
म्हणून त्याला पुरवताना भल्याभल्यांना घाम फुटतो.
हे कळायला डिप्लोमा लागला नाही,
अकरा वर्षं 'चालेल' म्हणणारी बायको पुरली.

हवल्लीच्या दुकानात कोट्टयमचा पोरगा, हातात पांढरे मोजे.
'दोनशे वॅट, सर. ब्लूटूथ, सर.'
दोनशे वॅट मी कुठे लावू?
भिंतीपलीकडे रात्रपाळी करून झोपलेली नर्स,
वरच्या मजल्यावर कुणाचं तान्हं बाळ.
आवाजाचं चाक घड्याळातल्या नऊच्या पुढे
मी कधी नेलं नाही, भांडणातसुद्धा.
'ताकद मोठ्याने वाजवायला नसते, सर,' पोरगा म्हणाला,
'आवाजाचं डोकं कापलं जाऊ नये म्हणून असते.'
हे मात्र खरं बोलला.
चारशे दहा दिनार.
बाहेर आलो तर चष्म्यावर धुकं.

शुक्रवारच्या बाजारात, पत्र्याच्या छपराखाली,
गालिच्यांचे ढीग आणि तीन पायांच्या खुर्च्या ओलांडल्या की
उस्ताद रमझी बसतो,
सोल्डरच्या धुराने डोळे बारीक झालेला.
त्याने एक जुना, जड, खरवडलेला पुढे ओढला.
पासष्ट वॅट, तीस दिनार.
चालू केला, काहीच लावलं नाही,
आणि माझं डोकं धरून स्पीकरला टेकवलं.
'इस्मा.' ऐक.
काही ऐकू येईना.
'बस, हेच! गाना तो सब बजाता है.'

उठता उठता मी बटणं वाचली.
बास, ट्रेबल, बॅलन्स,
आणि कोपऱ्यात नखाएवढं: मोनो.
हवल्लीच्या चकचकीत डब्यावर नुसतं एक चाक होतं.

कुंदाचा डावा कान सातवीत गेला, गालगुंडात.
कुणाला सांगत नाही. रस्त्याने चालताना
फक्त फिरून माझ्या डाव्या हाताला येते.
मला वाटायचं, वामांगी म्हणून.
तीन वर्षं वाटायचं.

जानेवारीत तिचा व्हिसा होईल.
सोफा एकच. ती डाव्या टोकाला बसेल,
डावा स्पीकर जे काही बोलेल
त्यातलं अर्धंमुर्धं तिच्यापर्यंत पोचेल,
आणि ती म्हणेल, छान आहे की.

मोनो दाबलं तर खरखरलं, एक बाजू गेलीच.
रमझीने हात उडवले. हे कोण वापरतं?
दोन दिनार कमी दे आणि जा.
मी म्हटलं, दोन जास्त घे, पण तेवढं नीट कर.
त्याने माझ्याकडे बघितलं,
मग झाकणाचे स्क्रू तोंडात धरले.

बसमध्ये मांडीवर घेऊन आलो. मांड्या बधिर.
रात्री तारा जोडल्या, लाल लालला, काळी काळीला,
मोनो दाबलं,
सोफ्याच्या डाव्या टोकाला बसलो
आणि डाव्या कानात बोट घातलं.